किडीचे वैरी, बागाइतदाराचे सोयरे

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



फळबागांवरील कीड आणि त्या किडीचे निसर्गातील शत्रू ह्या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. आम्ही कृषिशास्त्राचे पदवीधर नव्हेत. १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालो, अध्यापनाची पदविका घेतली, आणि २०१५ साली निवृत्त होईपर्यंत खेड्यापाड्यांतील शाळांत मुलांना गणित आणि सामान्य विज्ञान शिकवीत राहिलो. पुरंदर तालुक्यात वडिलार्जित दोन एकर सीताफळाची बाग आहे. निवृत्तीनंतर तिच्याकडे स्वतः लक्ष घालू लागलो. एवढाच काय तो आमचा अधिकार. तथापि ह्या विषयात आम्ही समाजाचे एक देणे लागतो. ते कोणते, हे ओघाने सांगूच. ते फेडावे म्हणूनच हे निमंत्रण स्वीकारले.

श्रीसंत सावता महाराजांनी अरणच्या मळ्यात पांडुरंग पाहिला, हे आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. मळा ही आपली पिढीजात विद्या. परंतु त्या मळ्यात आपल्याखेरीज दुसरे कोण कोण राबते, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. पानावर किडा दिसला की तो शत्रू, आणि शत्रू दिसला की फवारा, असा आपला आज परिपाठ झाला आहे. वस्तुतः बागेत दिसणाऱ्या किड्यांपैकी पिकाला खाणारे थोडे असतात. बाकीचे एक तर निरुपद्रवी असतात, किंवा त्या थोड्यांना खाऊन राहणारे असतात.

ह्या खाणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. एक परभक्षी. हे किडीला धरून सरळ खातात. ढालकिडे, जाळीदार पंखांचा हिरवा क्रायसोपा, कोळी हे ह्या वर्गातले. दुसरा वर्ग परोपजीवींचा. तिळाहून लहान अशा गांधीलमाश्या किडीच्या अंगात किंवा अंड्यात आपले अंडे घालतात. त्यातून निघालेली अळी आतल्या आत किडीला खाऊन संपविते. उसाच्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड ज्यांनी पानांना लावले असेल, त्यांनी हा दुसरा वर्ग प्रत्यक्ष वापरलाच आहे.

ह्या शास्त्राचा पाया ज्या घटनेने घातला गेला, ती घटना अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात घडली. आणि ती फळबागेतलीच आहे. १८६८ च्या सुमारास तेथे ऑस्ट्रेलियातून आलेल्या झाडांबरोबर एक खवलेकीड आली. तिच्या पाठीवर कापसाच्या गादीसारखी पांढरी पिशवी असे. वीस वर्षांच्या आत तिने दक्षिण कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागांचा फडशा पाडण्यास आरंभ केला. शेतकऱ्यांनी झाडे धुतली, नाना प्रकारची औषधे मारली, आणि अखेर काहींनी निरुपायाने झाडे उपटून जाळली.

त्या वेळी अमेरिकेच्या कृषी खात्यात सी. व्ही. रायली नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी साधा प्रश्न विचारला: ही कीड ऑस्ट्रेलियातून आली, मग तेथील झाडे ती का खाऊन टाकीत नाही? अर्थात तेथे तिला आवरणारे कोणी तरी असले पाहिजे. ते कोणी तरी कीड येताना मागे राहिले, हेच सगळ्या अनर्थाचे मूळ. परंतु खात्याच्या माणसाने परदेशी प्रवास करण्यास कायद्याने पैसा मिळत नव्हता. तेव्हा मेलबर्न येथे भरणाऱ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने १८८८ साली आल्बर्ट कोबेली ह्या सहकाऱ्याची तिकडे रवानगी झाली. ॲडलेड येथील एका बागेत त्यांना तांबडा-काळा, वाटाण्याहून लहान असा एक भुंगेरा ती खवलेकीड खाताना आढळला. तोच पुढे व्हेडालिया ह्या नावाने प्रसिद्धीस आला.

आगबोटीने त्याचे तीन हप्ते आले: पहिल्यात २८, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ५७. एकूण १२९ भुंगेरे. लॉस एंजेलिस येथील एका बागेत कीड लागलेल्या संत्र्याच्या झाडावर कापडाचा तंबू उभारून त्यात ते सोडले. १८८९ च्या वसंतात तंबूची एक बाजू उघडली. जूनपर्यंत दहा हजारांवर भुंगेरे इतर बागाइतदारांना वाटून झाले होते. आणि वर्ष संपता संपता ज्या किडीने बागा जाळावयास लावल्या, ती शोधून काढावी लागू लागली. बागाइतदारांनी कृतज्ञतेने कोबेली यांना सोन्याचे घड्याळ आणि त्यांच्या पत्नीस हिऱ्यांची कर्णभूषणे दिली.

ह्या कथेचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. आमच्या मते तोच अधिक बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी. हे नवे औषध शेतीत वापरात आले. कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्यातील बागाइतदारांनी ते दुसऱ्या किडींसाठी संत्र्यांवर मारले. त्या औषधाने व्हेडालिया मेला, खवलेकीड मात्र तगली; आणि अर्धशतकापूर्वी ज्या शत्रूला गाडले होते, तो पुन्हा उठून उभा राहिला. शेवटी फवारणी आवरून तेच भुंगेरे पुन्हा आणून सोडावे लागले. ज्याने आपली बाग राखली त्याला ओळख विसरून मारले, आणि मग त्यालाच बोलावणे पाठविले. दुसऱ्या देशातील लोकांची ही चूक वाचून आम्हांस हसू आले असते. परंतु ते पुस्तक हाती येण्यापूर्वी आम्ही स्वतःच ती चूक करून चुकलो होतो. ते आता सांगतो.

सीताफळावरील पिठ्या ढेकूण, म्हणजे ज्याला आपण मिलीबग म्हणतो तो, येथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. तो फळाच्या डोळ्यांमधील खोबणीत बसतो. अंगावर पिठासारखे मेण असल्याने फवाऱ्याचे पाणी त्याच्यावरून ओघळून जाते. तो रस शोषतो, गोड चिकटा बाहेर टाकतो, त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, आणि फळ चुलीतून काढल्यासारखे दिसू लागते. २०१८ च्या हंगामात आम्ही एकूण नऊ फवारण्या केल्या. आमचा गडी एका दुपारी फवारता फवारता चक्कर येऊन बांधावर कोसळला. एक रात्र त्याला दवाखान्यात ठेवावे लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ साली, यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले होते. ती बातमी आम्हीच पारावर मोठ्याने वाचून दाखविली होती. तरीही वाऱ्याच्या दिशेचा आणि तोंडाला फडके बांधण्याचा विचार आम्हांस त्या दुपारी सुचला नाही. एवढे करूनही आडत्याने निम्मा माल बाजूला काढला.

आमचा एक विद्यार्थी मित्रकिडी वाढविणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीस होता. त्याने घरी येऊन सांगितले, "गुरुजी, औषध थांबवा आणि क्रिप्टोलिमस सोडून पाहा." हा भुंगेराही मूळचा ऑस्ट्रेलियाचाच, कोबेली यांनीच तो पुढे कॅलिफोर्नियात नेला, आणि १८९८ साली तो दक्षिण हिंदुस्थानात कॉफीवरील खवलेकिडीसाठी आणला गेला. त्या कामी त्याचा विशेष उपयोग झाला नाही. परंतु पिठ्या ढेकणावर त्याची बरोबरी करणारा दुसरा नाही. बेंगळूरजवळील हेसरघट्टा येथील उद्यानविद्या संशोधन संस्थेने द्राक्ष, पेरू आदी फळांवर त्याचे प्रयोग केले. त्याची पैदास करण्याची रीत मोठी गमतीची आहे: लाल भोपळ्यावर आधी पिठ्या ढेकूण वाढवावयाचा, आणि त्या ढेकणावर भुंगेरे. बाजारात आपण ज्याची भाजी घेतो, तो भोपळा येथे सैन्याची छावणी होतो.

२०१९ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात सायंकाळी आम्ही ते भुंगेरे सोडले. अंग काळसर, डोके आणि मान नारिंगी, लांबी चार मिलिमीटरच्या आसपास. दोनतीन दिवसांत ते दिसेनासे झाले. तिसऱ्या आठवड्यात बागेत गेलो, तो फांद्यांवर आणि फळांवर पांढरे ढेकूण पूर्वीपेक्षा तिप्पट मोठे झालेले! अंगावर पांढऱ्या झिपऱ्याच झिपऱ्या. आमचे मस्तक फिरले. दुसऱ्या दिवशी पंप आणवून एका एकरावर जहाल औषध मारविले. दुसऱ्या एकराचे काम पावसाने राहिले.

ह्यापुढचे सांगताना आजही मान खाली जाते. त्याच आठवड्यात सावता महाराजांची पुण्यतिथी होती. प्रसादाच्या पंक्तीनंतर समाजाची मंडळी बसलेली असता आम्ही उभे राहून सांगितले की, हे भुंगेऱ्यांचे प्रकरण निव्वळ फसवणूक आहे. आम्हांस भुंगेऱ्यांच्या नावाखाली ढेकूणच विकला. तो विद्यार्थी तेथेच पाणी वाढीत होता. तो काही बोलला नाही. शिक्षकाचा शब्द म्हणून लोकांनी आमचे म्हणणे मानले. आमच्या दोन चुलतबंधूंनी नोंदविलेली मागणी त्याच दिवशी रद्द केली आणि औषधाची दुकाने गाठली.

चौथ्या दिवशी आमच्या सूनबाई न फवारलेल्या एकरातून एक फळ घेऊन आल्या. आमच्या जुन्या शालेय पेटीतील भिंग त्यांनी त्यावर धरले आणि म्हणाल्या, "मामंजी, हा मोठा ढेकूण धावतो आहे. ढेकूण कधी असा धावतो का?" आम्ही भिंगातून पाहिले. तो पांढऱ्या झिपऱ्यांचा प्राणी एका लहान ढेकणाला धरून खात होता. पाण्याच्या बोटाने त्याच्या अंगावरचे मेण पुसले, तर आत सहा पायांची पिवळट अळी! ती क्रिप्टोलिमसची अळी होती. ढेकणांत राहावयाचे म्हणून निसर्गाने तिला ढेकणाचाच वेष दिला आहे. आम्ही एका एकरावर जे मारले, ते आमचेच सैन्य होते.

तीस वर्षे आम्ही फळ्यावर लिहीत आलो: आधी निरीक्षण, मग अनुमान. घाईने उत्तर देणाऱ्या मुलांचे गुण कापीत आलो. आणि स्वतःच्या बागेत मात्र दुरून पाहिले, रागाने अनुमान काढले आणि चारचौघांत एका प्रामाणिक मुलास चोर ठरविले. त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आम्ही त्याची क्षमा मागितली. त्याने आमच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हा अधिकच लाज वाटली. "गुरुजी, अळी ढेकणासारखी दिसते, हे मीच आधी सांगावयास हवे होते," असे तो म्हणाला. परंतु जे असत्य आम्ही समाजात उभे राहून बोललो, त्याची क्षमा समाजात उभे राहूनच मागितली पाहिजे. पुढील सभांत आम्हांस तो धीर झाला नाही. आज ती मागतो. आमच्या त्या चुलतबंधूंचाही तो हंगाम आमच्या शब्दापायी वाया गेला; तेही आज येथे बसले आहेत.

बागेचे काय झाले, हे आपणांस जाणून घ्यावयाचे असेलच. पाऊस आमचा गुरू ठरला. न फवारलेल्या एकरातील ढेकूण सप्टेंबरपर्यंत इतका उतरला की, माल निवडताना टाकावयाची फळे मोजकीच निघाली. फवारलेल्या एकरात ढेकूण पुन्हा चढला. तेथे दुसऱ्यांदा भुंगेरे आणून सोडावे लागले आणि त्याचा गुण पुढल्या वर्षी आला. एकाच बांधाच्या दोन बाजू आमच्यापुढे दोन पाट्यांसारख्या होत्या: एकीवर बरोबर उत्तर, दुसरीवर चूक.

असो. ह्या विद्येने मोठी संकटेही टळली आहेत. २००८ साली तमिळनाडूत कोइंबतूर येथे पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण आढळला. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. पपईच नव्हे, तर तुती आणि टॅपिओका ह्यांच्यावरही तो पसरला, आणि पुढे महाराष्ट्रातही आला. औषधांनी तो आवरेना. तेव्हा रायली यांचाच जुना प्रश्न पुन्हा विचारला गेला: मूळ देशी ह्याला कोण आवरते? २०१० साली बेंगळूर येथील राष्ट्रीय कीटक संस्थेने अमेरिकेच्या कृषी खात्याच्या साहाय्याने पोर्तो रिकोहून परोपजीवी माश्यांच्या तीन जाती आणविल्या. त्यांतील अॅसेरोफॅगस नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी माशी विशेष उपयोगी ठरली, आणि पुढील काही महिन्यांतच पपईच्या बागा सावरू लागल्या.

परंतु कोणीही उठावे आणि परदेशातून जीव आणावा, असा ह्याचा अर्थ नव्हे. १९३५ साली ऑस्ट्रेलियात उसाच्या भुंगेऱ्यांसाठी अमेरिका खंडातील एक मोठा बेडूक पुरेशी परीक्षा न करता सोडला. भुंगेरे आवरले नाहीत; तो विषारी बेडूकच देशाच्या मोठ्या भागात पसरला आणि आजही तेथील वन्य जीवांचा काळ होऊन बसला आहे. म्हणून असे जीव आणण्यापूर्वी बंदिस्त जागेत त्यांची परीक्षा होते, आणि ती शास्त्रज्ञांच्याच हाती राहिली पाहिजे.

आता आपल्या उपयोगाच्या चार गोष्टी अनुभवाने सांगतो.

पहिली गोष्ट मुंग्यांची. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला गाईसारखे पाळतात आणि भुंगेऱ्यांना, माश्यांना हाकलून लावतात. म्हणून भुंगेरे सोडण्याआधी खोडाला चिकट पट्टा बांधून मुंग्यांची वाट तोडावी. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, नाही तर त्याच शिडी होतात.

दुसरी गोष्ट औषधाची. भुंगेरे सोडण्यापूर्वी आणि सोडल्यानंतर निदान तीन आठवडे विषारी फवारा नको. हेक्टरी १५०० भुंगेऱ्यांचे प्रमाण आपल्याकडे सांगितले जाते. ते कीड असलेल्या झाडांवर, उन्हे उतरल्यावर सोडावेत. फार ढेकूण असलेली फळे आधीच तोडून नष्ट करावीत. सगळाच भार भुंगेऱ्यांवर टाकू नये. दमट हवेत ढेकणावर वाढणारी उपयुक्त बुरशीही मिळते. तिचा विचार जाणत्याच्या सल्ल्याने करावा.

तिसरी गोष्ट धीराची. मित्रकिडी कीड निर्मूळ करीत नाहीत. नुकसान होणार नाही इतकी ती खाली ठेवतात. चार ढेकूण दिसले म्हणून घाबरू नये. ते चार राहिले, तरच मित्राला उद्याची भाकर आहे. बांधावर झेंडू, बडीशेप, कोथिंबीर फुलू द्यावी. परोपजीवी माश्या त्या फुलांतील मधावर जगतात. आणि ज्या किडीवर हा उपाय पुरत नाही, तेथे हट्ट धरू नये. फळमाशीसाठी सापळेच लावावे लागतात आणि गळालेली फळे वेचून पुरावी लागतात.

चौथी गोष्ट ओळखीची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. ढेकूण मंद चालतो, त्याच्या कडेची मेणाची झालर आखूड आणि रेखीव असते. क्रिप्टोलिमसची अळी त्याहून बरीच मोठी होते, तिच्या झिपऱ्या लांब आणि विस्कटलेल्या असतात, आणि डिवचली की ती चपळाईने पळते. एवढे ज्याला कळले, त्याचे आमच्यासारखे हसे होणार नाही.

शेवटी एक विनंती. दरवर्षी ह्या मेळाव्यात आपण गुणवंत विद्यार्थ्यांस पारितोषिके देतो. ह्या वर्षापासून प्रत्येक पारितोषिकाबरोबर दहापट मोठे दाखविणारे एक भिंग द्यावे, अशी सूचना आम्ही मंडळापुढे ठेवतो. त्याचा खर्च फार नाही. पहिल्या वर्षाचा भार आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून आनंदाने उचलू. मुलामुलींनी ते भिंग घेऊन सुटीच्या दिवशी बागेत जावे, आणि वडील पंप उचलण्यापूर्वी "थांबा, आधी पाहू द्या," असे म्हणावे. आमच्या घरी सूनबाईंनी तसे म्हटले म्हणून आमची अर्धी बाग वाचली. चार दिवस आधी म्हणण्याची संधी त्यांना मिळाली असती, तर एक पूर्ण बाग, दोन भावांचा हंगाम आणि एका विद्यार्थ्याचा मान, हे सारेच वाचले असते.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, आणि आमची चूकही पोटात घालाल अशी आशा आहे.